हाताने बांधलेली जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे, काय काय तपासू?

मलप्रभाकाठ (खानापूर), शुक्रवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाड्यांच्या या विभागात आजवर नुसता वाचत आलो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

कोल्हापूरजवळ एक गाडी विकायला आहे. कुठल्या कंपनीची नाही, एका माणसानं स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बांधलेली. दोन सीटची, उघडी, लांब नाकाची, पुढची चाकं बॉडीच्या बाहेर. लोटस सेव्हन ज्यांना माहीत आहे त्यांच्या डोळ्यांपुढे लगेच येईल. इंजिन हिंदुस्तान मोटर्सच्या जुन्या काँटेसाचं, १.८ लिटर इसुझू, पाच गिअरचा बॉक्स आणि मागचा ॲक्सल पण त्याच गाडीचा. बॉडी फायबरची, गडद हिरवी. एमएच-०९ पासिंग. आताचा मालक बांधणारा नव्हे, मधे एक-दोन हात बदललेत. साडेचार लाख म्हणतो, वर "बसून बोलू" म्हणतो.

माझ्या मामांकडे काँटेसा होती. शाळेत असताना मे महिन्यात त्यांच्याबरोबर चोर्ला घाटातून गोव्याला जायचो. त्या इंजिनाचा आवाज अजून कानात आहे, म्हणून ही जाहिरात बघितल्यापासून झोप नीट नाही. पैसे चार वर्षं साठवलेत, कर्ज काढायचं नाही.

मारुती किंवा ह्युंदाई जुनी घेताना काय बघायचं ते मला कळतं. पण ज्या गाडीला सर्व्हिस सेंटर नाही, मॅन्युअल नाही, तिचं काय बघायचं? रविवारी बघायला जातोय. फोटो खाली लावलेत.

निपाणीकर, शुक्रवार रात्री १०:०५

वरून काढलेले फोटो बारा आणि खालून एकही नाही. मालकाला खालचे मागा.

वेल्डरकाका (उद्यमबाग), शनिवार सकाळी ६:५०

फोटो बघितले. गाडी देखणी आहे, यात वाद नाही. आता रंग विसरा. मी बेळगावच्या उद्यमबागेत सत्तावीस वर्षं फॅब्रिकेशन करालोय. इंजिनातलं माझ्यापेक्षा जास्त कळणारे इथं पुष्कळ आहेत, मी फक्त चेसिसवर बोलतो. पण जरा लांब बोलतो, कारण या गाडीचा जीव तिथंच आहे.

आपल्या नेहमीच्या गाडीत बॉडी आणि चेसिस एकच असते. इथं तसं नाही. साधारण एक इंची चौकोनी पाइप, दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीचा, कापून जोडून पिंजरा केलेला असतो. फायबर त्यावर नुसतं पांघरलेलं. मारुती ठोकली तर पत्र्यावर दिसतं. इथं पिंजरा वाकला तरी वर नवं नाक बसवलं की गाडी नवी दिसते. म्हणून नाक उघडून, सीट काढून, खाली झोपून बघायचं. मालक नको म्हणाला तर परत फिरायचं.

पहिलं, गंज. या पाइपांवर ॲल्युमिनियमचा पत्रा पॉप रिव्हेटनं मारलेला असतो. प्रत्येक रिव्हेट म्हणजे पाइपला पाडलेलं एक भोक. पावसाचं पाणी तिथून आत शिरतं आणि सगळ्यात खालच्या आडव्या पाइपांत साचून राहतं. बाहेरून पावडर कोटिंग तुकतुकीत, आतून पाइप कागदासारखा. आपल्या खानापूर पट्ट्यातला पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. छोटी हातोडी घ्या आणि खालचे पाइप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू ठोकत जा. आवाज खणखणीत यायला पाहिजे. मधेच बद्द आला तर तिथं थांबा, स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. पत्रा आणि पाइप चिकटतात त्या फटीत पांढरी भुकटी दिसली तर ॲल्युमिनियम खाल्लं जातंय असं समजा.

दुसरं, भेगा. पुढच्या विशबोनचे (चाक चेसिसला धरून ठेवणाऱ्या व्ही आकाराच्या दांड्याचे) ब्रॅकेट, मागच्या ॲक्सलला धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे ब्रॅकेट, स्टिअरिंग रॅक बसवलेली पट्टी, सीटबेल्टचे बोल्ट. या चार जागी. पिंजऱ्याचे बाकीचे जोड बहुतेक वेळा टिकतात. ब्रॅकेटला मात्र प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट बसतो, आणि वेल्डच्या कडेला केसाएवढी भेग पडते. ती नुसत्या डोळ्याला दिसेलच असं नाही. डाय पेनिट्रंटचे तीन डबे असतात, एक साफ करायचा, एक लाल, एक पांढरा. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. जागा स्वच्छ करा, लाल मारा, दहा मिनिटं थांबा, पुसून घ्या, पांढरा मारा. भेग असली तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

तिसरं, माप. यासाठी कुठलं मशीन नको. ओळंबा, खडू आणि टेप. गाडी सपाट फरशीवर घ्या, चाकं सरळ करा. पुढच्या खालच्या ब्रॅकेटचा बोल्ट आणि मागच्या ॲक्सलच्या ब्रॅकेटचा बोल्ट, दोन्ही बाजूंनी ओळंबा सोडून फरशीवर चार खुणा करा. मग कर्ण मोजा. पुढून डावा ते मागून उजवा, आणि पुढून उजवा ते मागून डावा. हाताने बांधलेल्या पिंजऱ्यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक मी समजून घेतो. दहाच्या पुढं गेला तर ती ठोकलेली गाडी, किंवा बांधतानाच फिक्श्चर, म्हणजे पाइप जागेवर धरून ठेवणारा सांगाडा, हललेलं. त्याच वेळी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. कुठली बाजू मागं सरकली ते त्यावरून कळतं.

आणि बोल्ट. सस्पेन्शनच्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर ताकदीचा ८.८ किंवा वरचा आकडा पाहिजे. डोकं कोरं असलं तर तो बोल्ट गेटला चालतो, चाकाला नाही.

घाटवाट (टिळकवाडी), शनिवार सकाळी ९:१५

काकांनी चेसिसचं सगळं सांगितलं. मी थोडं मागून सुरू करतो, कारण ही गाडी मुळात कशी जन्माला आली ते कळलं की ती तपासायची कशी ते आपोआप कळतं.

लोटस सेव्हन १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये आली, कॉलिन चॅपमनची. तिकडे तेव्हा तयार गाडीवर खरेदीकर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. म्हणून लोक खोकी घरी आणत आणि गॅरेजात गाडी जुळवत. पुढं १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले, आणि ती ठेवण इतकी सोपी की जगभर लोकांनी आपापल्या नकला बांधल्या. आपल्याकडे अलिबागजवळ चिंकारा मोटर्सनं याच ठेवणीची रोडस्टर केली होती, तिलाही इसुझूचं १.८ इंजिन होतं. तुमची गाडी त्या कारखान्यातली नाही, पण जातकुळी तीच.

आता मुद्दा. कंपनीची गाडी घेताना आपण कंपनीवर विश्वास ठेवतो. अशी गाडी घेताना आपण एका माणसाचा हात विकत घेत असतो. तो माणूस टर्नर होता की दुकानदार, त्यानं दोन वर्षं लावली की दोन महिने, पैसे संपल्यावर त्यानं कुठं काटकसर केली, हे सगळं त्या गाडीत आहे. म्हणून रविवारी जाण्याआधी एकच प्रश्न विचारा: बांधणाऱ्याची वही कुठं आहे?

प्रत्येक नीट बांधणारा वही ठेवतो. पुढचे ब्रेक कुठल्या गाडीचे, बेअरिंगचा नंबर काय, स्टिअरिंग रॅक कशाचा, क्लच प्लेट कुठली, रेडिएटरचे होज कुठल्या गाडीचे कापून बसवले. काँटेसा बंद होऊन वीस वर्षांवर झाली, आणि हिच्यात काँटेसाशिवाय आणखी चार-पाच गाड्यांचे भाग असणार. वही नसली तर उद्या चोर्ल्यात व्हील बेअरिंग गेलं तर दुकानदाराला काय सांगणार? वही असलेली थोडी गंजकी गाडी मी घेईन, वही नसलेली चकचकीत घेणार नाही.

वही मिळाली नाही तर बांधणारा माणूस शोधा. फोन करा, जमलं तर भेटा.

फायबरवाला_मच्छे, शनिवार दुपारी १२:३०

फायबरचं मी सांगतो, रोजचं काम आहे.

पत्र्याच्या गाडीवर लांबी (पुट्टी) भरलीय का ते लोहचुंबक लावून बघतात. इथं चुंबकाचा काही उपयोग नाही, कुठंच चिकटत नाही. नाण्यानं टकटक करत जा. चांगल्या जागी आवाज सारखा कडक येतो. थर सुटले असतील किंवा लांबी जाड भरली असेल तिथं बसका येतो. मग चाकांवरचे मडगार्ड आणि नाक आतून बघा, बॅटरी मारून. आतून रंग दिलेला नसला तर उजेड आरपार झिरपतो, आणि दुरुस्तीचा जोड वेगळ्या रंगाचा ठिगळ दिसतो. आतून काळा रंग फासलेला असला तर का फासलाय ते विचारा.

वरून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतील. त्या बहुतेक वेळा फक्त जेलकोटच्या, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराच्या असतात, त्यांना घाबरू नका. स्क्रू किंवा बोल्टच्या भोकातून निघालेली लांब भेग मात्र ताणाची असते. खाली ब्रॅकेट वाकलाय का, ते तिथं बघायचं.

आता एक गोष्ट, जी माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसते. फायबरमधून वीज जात नाही. आपल्या गाडीत बल्बची अर्थ सरळ बॉडीला दिलेली असते. इथं प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, पंपाला अर्थची वायर वेगळी ओढून चेसिसपर्यंत आणावी लागते. घाईत बांधलेल्या गाडीत ही वायर एका दिव्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत नेलेली असते. मग इंडिकेटर दिला की हेडलाइट मंद होतो. रविवारी इंजिन चालू ठेवा, हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेक दिवा, हॉर्न आणि रेडिएटरचा पंखा एकदम लावा. काय काय लुकलुकतं ते बघा. डॅशबोर्डखाली हात घाला. वायरी पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळलेले जोड हाताला लागले तर सगळं वायरिंग नव्यानं करायचं, असा हिशेब धरा.

कागदपत्रं_चिक्कोडी, शनिवार दुपारी ३:४५

मी आणि माझे मिस्टर चिक्कोडीत आरटीओची कामं करतो. तुम्ही सगळे पाइप आणि वायरी बघताय, मला मात्र तुमच्या पहिल्या पोस्टमधलं "एमएच-०९ पासिंग" टोचतंय.

दादा, आपल्या देशात कुठलंही नवं मॉडेल रस्त्यावर आणायचं तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमाप्रमाणे त्याचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून मंजूर करून घ्यावा लागतो. कारखाना ते करतो. घरी एक गाडी बांधणारा माणूस ते करत नाही, त्याला परवडतच नाही. मग घरी बांधलेल्या गाडीला नंबर आला कुठून?

बहुतेक वेळा तो जुन्या गाडीचा असतो. जिचं इंजिन घेतलं तिचं आरसी बुक या गाडीला चिकटवलेलं असतं. आरसीवर काँटेसा, पाच सीटची, बंद बॉडी. समोर दोन सीटची उघडी गाडी. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की निर्मात्यानं मूळ दिलेल्या तपशिलाशी आरसीतला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर १८२ ए कलमाखाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे.

दंडाचं सोडा. अपघात झाला, समोरचा माणूस जखमी झाला, आणि विमा कंपनीनं आरसी आणि गाडी शेजारी ठेवून बघितली तर? तुम्ही वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाल. म्हणून हातोडी बाहेर काढण्याआधी हे करा:

गाडीचा नंबर सरकारच्या एम-परिवहन ॲपवर टाकून निर्माता, मॉडेल, नोंदणीची तारीख, फिटनेस कधीपर्यंत आहे आणि विमा आहे का ते बघा. मग आरसी हातात घेऊन चेसिस नंबर गाडीवर शोधा. नंबर पाइपावर ठोकलेला आहे, की पट्टीवर ठोकून ती पट्टी पाइपाला वेल्ड केलीय? दुसरं असेल तर एक रुपयाही टोकन देऊ नका.

कागद नीट असला तर पुढचं काम सोपं आहे. कोल्हापूरच्या आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर, हस्तांतर फॉर्म २९ आणि ३० वर, आणि इकडचा नवा नंबर फॉर्म २७ वर. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली तर नवा नंबर घ्यावाच लागतो. कर्नाटकाचा आजीवन कर गाडीच्या वयानुसार भरायचा, आणि महाराष्ट्रात भरलेल्यातला उरलेला भाग तिकडून परत मागता येतो. सीमेवरचे लोक हे रोज करतात. पण हे सगळं खऱ्या कागदावर.

मलप्रभाकाठ, शनिवार संध्याकाळी ७:१०

ताई, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. आत्ताच नंबर टाकून बघितला. निर्माता हिंदुस्तान मोटर्स. नोंदणी १९९४. फिटनेस २०१९ ला संपलेला, पुढं नूतनीकरण नाही.

मालकाला फोन केला. म्हणाला, "सगळ्या अशाच गाड्या असतात, कोणी विचारत नाही, एजंट करून देतो." तरी मी उद्या जाणार आहे. निदान बघून तरी येतो.

निपाणीकर, शनिवार संध्याकाळी ७:३०

जा, पण चेकबुक घरी ठेवून जा. कोगनोळीपासून मी येतो सोबत. एकटा माणूस अशा गाडीत बसला की भुलतो.

मेकॅनिक_शहापूर, शनिवार रात्री १०:२०

उशिरा आलो. इंजिनाबद्दल थोडक्यात, कारण इसुझू दणकट आहे आणि बेळगावात ते उघडणारे जुने मिस्त्री अजून आहेत. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या, आपसात दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. सुरू करायच्या आधी इंजिन गार आहे का ते हात लावून बघा. मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर गार इंजिनाचा धूर आणि आवाज लपतो.

जास्त काळजी मला पेट्रोलच्या टाकीची आणि ब्रेकची. टाकी सहसा सीटच्या मागं असते, हाताने ॲल्युमिनियममध्ये केलेली. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातले रबरी पाइप आणि डायफ्रॅम त्यानं फुगतात आणि तडकतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळा पाइप बोटांनी दाबत जा. चिकट लागला किंवा चिरा दिसल्या तर गाडी चालवूच नका, तुमच्या पाठीशी वीस-पंचवीस लिटर पेट्रोल आहे.

ब्रेकला बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नसणार, पाय जोरात लागेल, तो दोष नाही. पेडल दाबून धरा आणि मिनिटभर थांबा, खाली जाऊ लागलं तर मास्टर सिलिंडर गेला. पाइप कुठून नेलेत ते बघा. सायलेन्सरजवळून किंवा पिंजऱ्याच्या खालून लोंबत नेले असले तर आपल्या स्पीड ब्रेकरवर एक दिवस तुटणार.

चालवताना दोन गोष्टी. रिकाम्या सरळ रस्त्यावर चाळीस-पन्नासला हात सैल करा आणि ब्रेक मारा, गाडी एका बाजूला ओढते का. मग एका बाजूचं चाक बुटक्या उंचवट्यावरून न्या. स्टिअरिंगनं आपोआप झटका दिला तर रॅकची उंची चुकलीय, ते टायर बदलून जात नाही. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर खोलीला नवे आणि वयानं म्हातारे असतात.

शक्य झालं तर चार चाकांचं वजन वेगवेगळं घ्या. गाडी हलकी असते, गुळाच्या अडतीवरचे चार काटे पुरतात. तिरक्या जोड्यांच्या (पुढचं डावं-मागचं उजवं, आणि पुढचं उजवं-मागचं डावं) बेरजेत मोठा फरक निघाला तर पिंजरा पिळलाय किंवा स्प्रिंग चुकीच्या लावल्यात.

मलप्रभाकाठ, रविवार रात्री ९:००

आलो. निपाणीकर दादा सोबत होते, त्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

गाडी शेडमध्ये होती. झाकण काढलं आणि खरं सांगतो, दहा मिनिटं मी काहीच तपासलं नाही. गाडीला दरवाजाच नाही, पाय टाकून आत उतरायचं, हात बाहेर टेकला तर बोटं जमिनीपासून वीतभर. मालकानं स्टार्टर मारला आणि मामांची काँटेसा आठवली. निपाणीकरांनी खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "आता खाली झोप."

इंजिन चांगलं. कॉम्प्रेशनचा फरक अगदी थोडा, धूर नाही. वायरिंग मला वाटलं होतं त्यापेक्षा किती तरी नीट, प्रत्येक वायरला नंबरची चकती, अर्थच्या सगळ्या वायरी एका पितळी पट्टीवर आणलेल्या. फायबरवर किरकोळ भेगा. खालचे पाइप सगळीकडे खणखणीत वाजले, मागचा एक कोपरा सोडून. हे सगळं बघताना बांधणाऱ्याबद्दल आदर वाटत गेला.

मग ओळंबा सोडला. एक कर्ण २४१२, दुसरा २३९८. चौदा मिलिमीटर. तीन वेळा मोजलं. चाकांतलं अंतर डावीकडे २२६२, उजवीकडे २२५१. म्हणजे उजवं पुढचं चाक मागं सरकलेलं. डाय मारला तर उजव्या खालच्या ब्रॅकेटच्या वेल्डच्या कडेला बोटभर लाल रेघ आली. त्या ब्रॅकेटचं वेल्डिंगही बाकीच्या गाडीसारखं नाही, गोळे-गोळे आहे. काका, फोटो लावलाय, बघा.

ताईंनी सांगितलेलं पण खरं निघालं. चेसिस नंबर उजव्या पुढच्या पाइपावर एका पट्टीवर आहे, पट्टीला चारी बाजूंनी वेल्ड, वर ग्राइंडर फिरवलेला.

मालक आधी हसत होता, लाल रेघ बघून गप्प झाला. मग म्हणाला साडेतीन. वजनासाठी गाडी बाहेर काढू देईना. वही नाही म्हणाला. डॅशबोर्डखाली मात्र एका छोट्या पितळी पट्टीवर गडहिंग्लजजवळच्या एका गावाचं नाव आणि वर्ष कोरलेलं आहे.

वेल्डरकाका, रविवार रात्री ९:४०

फोटो बघितला. ज्यानं तो पिंजरा बांधला त्यानं तो ब्रॅकेट लावलेला नाही. दोन वेगळे हात आहेत. पहिल्याचे टाके एकसारखे, माशाच्या खवल्यासारखे. दुसऱ्यानं गाडी ठोकल्यावर वाकलेल्या पाइपावर नवा ब्रॅकेट तसाच डकवलाय. घाटात त्या चाकावर सगळं वजन येतं तेव्हा तो निघाला तर काय होईल ते मी लिहीत नाही.

कागदपत्रं_चिक्कोडी, रविवार रात्री १०:१५

दादा, साडेतीन काय आणि दीड काय, या नंबरावर ती गाडी तुमच्या नावावर होणं म्हणजे ते वेल्ड तुमच्या गळ्यात येणं. नूतनीकरणाला गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते. पाच सीटच्या आरसीवर ही उभी करणार?

घाटवाट, सोमवार सकाळी ८:००

त्या पितळी पट्टीवरच्या गावात चौकशी करा. गाव छोटं असणार, असली गाडी बांधणारा माणूस गावाला माहीत असतो.

मलप्रभाकाठ, बुधवार रात्री १०:३०

सापडले. संकेश्वरच्या एका मित्राच्या पाहुण्यांकडून नंबर मिळाला. सत्तरीचे आहेत, टूलरूममध्ये उभं आयुष्य काढलेलं. मी गाडीचं नाव काढलं आणि पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "कशी आहे ती?"

पाऊण तास बोललो. ही गाडी त्यांनी आणि त्यांच्या मुलानं मिळून साडेतीन वर्षांत बांधली. रस्त्यावर कधी आणलीच नाही, उसाच्या फडाकडच्या आपल्याच रस्त्यावर फिरवायचे. मुलगा परदेशी गेल्यावर २०१६ मध्ये विकली, नंबर प्लेटशिवाय. "रस्त्यावर चालवायची नाही" असं घेणाऱ्याकडून लिहून घेतलं होतं. इंजिनची काँटेसा त्यांनी भंगारातून आणलेली, तिचं आरसी बुक गाडीबरोबर दिलं ते इंजिनाचा पुरावा म्हणून. नंबर नंतर कोणीतरी चढवला. हे ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत.

वही आहे! दोनशे पानी, त्यांच्याकडेच. कोणी मागितलीच नाही म्हणाले. त्यांनी पानांचे फोटो पाठवलेत, पुढचं बेअरिंग कुठलं, रॅक कुठला, सगळं. एका पानावर पिंजरा फिक्श्चरवरून उतरवल्या दिवशीची मापं आहेत. कर्ण २४०५ आणि २४०६.

मी त्यांना ब्रॅकेटचा फोटो पाठवला. म्हणाले, "हे माझं नव्हे."

मालकाला आज सकाळी नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला काही हरकत नाही, गोव्याहून एक जण शुक्रवारी येतोय. मी भेग आणि नंबर दोन्हीबद्दल त्याला परत सांगितलं, त्यानं फोन ठेवला. म्हणून इथं लिहितोय. गडद हिरवी, काँटेसाच्या इंजिनाची, सेव्हनच्या ठेवणीची गाडी बघायला जो कोणी कोल्हापूरकडे येतोय, त्यानं पैसे देण्याआधी उजव्या पुढच्या चाकामागचा खालचा ब्रॅकेट आणि चेसिस नंबरची पट्टी बघावी. ओळखीत कोणी असेल तर हा धागा त्याला पाठवा.

फायबरवाला_मच्छे, बुधवार रात्री १०:५०

मडगाव आणि फोंड्याच्या दोन गॅरेजवाल्यांना पाठवला.

मेकॅनिक_शहापूर, गुरुवार सकाळी ७:२०

वास्कोत माझा भाचा आहे, त्याच्या ग्रुपवर टाकायला सांगितलं. चांगलं केलंत.

मलप्रभाकाठ, गुरुवार रात्री ८:१५

गोव्याच्या माणसाचा मेसेज आला! फायबरवाले दादांच्या ओळखीतून धागा पोचला. त्यानं मालकाला तो ब्रॅकेट दाखवायला सांगितलं, मालकानं उत्तर दिलं नाही, त्यानं येणं रद्द केलं.

दुपारी गडहिंग्लजच्या काकांचा परत फोन आला. नंबर काढून, सुट्या भागांच्या भावात मिळाली तर गाडी परत घेऊन पिंजरा सरळ करायची त्यांची इच्छा आहे. फिक्श्चर अजून गोठ्यात उभं आहे म्हणाले. मालकाशी बोलणी निपाणीकर दादा करणार आहेत. मला त्यांनी शनिवारी घरी बोलावलंय, वही बघायला. वेल्डरकाका, त्यांनी तुम्हालाही बोलावलंय, तुमची पोस्ट त्यांना वाचून दाखवली होती.

वेल्डरकाका, गुरुवार रात्री ८:४०

शनिवारी सकाळी सात वाजता तिसऱ्या गेटजवळ थांबतो. ओळंबा घेऊन येतोय, आणि पाइपाचे दोन तुकडे पण.